बाहेरून लावलेलं कुलूप

ती घटना आजही आठवते, आणि का कोण जाणे, आठवायला लागते ती ओमानमधल्या मत्रहच्या एका गोदामाच्या दारापासून. गोळीबार झाला होता तो मात्र तिथून खूप दूर, आफ्रिकेत.

मागच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी महाराष्ट्र पोलिसांतून आंतरराष्ट्रीय शांतिसेनेच्या पोलीस तुकडीत प्रतिनियुक्तीवर होतो. आम्ही होतो त्या प्रदेशात वेगळा देश हवा की नको यावर मतदान झालं होतं. कौल वेगळं होण्याच्या बाजूनं लागला. तो ज्यांना पचला नाही त्यांच्या बंदूकधारी टोळ्या मतदान केंद्रांवर काम केलेल्या माणसांना शोधत हिंडू लागल्या. अशा काही शिक्षकांना बायकामुलांसह आम्ही आमच्या रसद ठेकेदाराच्या धान्यगोदामात लपवलं. सकाळी रस्ता मोकळा झाला की त्यांना छावणीत न्यायचं ठरलं होतं.

सकाळी आमच्या आधी टोळी पोचली. त्या रांगेत तशीच बरीच गोदामं होती आणि सगळ्यांना बाहेरून कुलपं होती. त्यांनी नेमकं हेच फोडलं. काहीजण मागचा पत्रा उचकटून पळाले, काहीजण आतच मेले. पंचनामा मी केला. सांडलेला तांदूळ, तुटलेलं कुलूप, दारापाशी चपला. खबर फुटली होती, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती.

एका शिक्षकाच्या विधवेनं जबाबात नाव घेतलं ते गोदामाच्या स्टोअरकीपरचं. रत्नागिरीकडचा हा माणूस. कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून तो गेला आणि पाठोपाठ ते आले, असं तिचं म्हणणं. त्याच्या अंगावर ओरखडा नव्हता. ठेकेदारानं त्याच आठवड्यात आपली माणसं देशाबाहेर काढली, त्यांत तोही गेला. पुढे काही महिन्यांनी त्याच ठेकेदाराकडच्या एका ड्रायव्हरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "साब, वो मस्कत में है. मत्रह में, चावल के सेठ के पास. आराम से." तो 'आराम से' माझ्या डोक्यात बसला.

रीतसर परवानगी घेऊन मी मस्कतला गेलो. जबाबात काही निघालं तर त्याला खटल्यासाठी त्या प्रदेशात परत न्यायचं होतं. तिथे फितुरीला एकच शिक्षा होती. हे त्याला ठाऊक होतं.

तिथल्या ठाण्यात एक तरुण ओमानी अधिकारी सोबत बसला. आमच्याकडे चहा मिळतो तो कबुलीनंतर. इथे आधीच खजूर आणि काहवा, म्हणजे तिथली बिनदुधाची कॉफी, आली. चौकशीत मी अहो-जाहोनं सुरुवात करतो. अरे-तुरेवर आलो की समोरच्याला वारा कुठून वाहतोय ते कळतं.

"कुलूप तुम्हीच लावलंत?"

"हो साहेब. बंद दिसावं म्हणून. मी पाण्याचा टँकर आणायला गेलेलो."

"कोणाला बोललात?"

"कोणाला काय बोललो नाय."

"इतकी गोदामं सोडून त्यांनी हेच फोडलं. का रे?"

तो आपल्या पायांकडे बघू लागला. "काय म्हायत, साहेब."

खोटं बोलणारा सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, आणि तेही मला आवडलं नाही. बाकीच्या प्रश्नांना तो नजरेला नजर देऊन उत्तरं द्यायचा. 'हेच का' विचारलं की मान खाली. मी तो प्रश्न फिरवून फिरवून विचारला आणि मान प्रत्येक वेळी खालीच गेली. हा काहीतरी लपवतोय, हे मी तेव्हाच ओळखलं, आणि ते खरंही होतं.

त्याची खोली आणि कामाची जागा तपासायची राहिली होती. खोलीत काही मिळालं नाही. मग आम्ही त्याला घेऊन सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागच्या गल्लीत गेलो. लोबानाच्या वासातून पुढे गेल्यावर सेठचं तांदळाचं गोदाम. दारात मी थांबलो आणि सवयीनं बुटांची नाडी सोडायला वाकलो. आमच्या घरात धान्याच्या खोलीत चपला घालून गेलं तर आई पाठीत रट्टा घालायची. पोलिसात आयुष्य गेलं तरी ते गेलं नाही.

त्यानं झडप घालून माझा हात धरला. "काढू नका. साहेब, बाहेर नको. आत या, घालूनच या."

ओमानी अधिकारी पुढे सरकला, मी त्याला थांबवलं. पंचनाम्यातल्या चपला मला आठवल्या. पळताना पडल्या असतील असं मी तेव्हा धरून चाललो होतो. पण त्या दाराबाहेर जोडीजोडीनं, रांगेत होत्या. बायकांच्या, मुलांच्या. पळणाऱ्याच्या चपला रांगेत पडत नाहीत. आणि कुलूपबंद गोदामाबाहेर चपला दिसल्या की आत माणसं आहेत हे कुणालाही कळतं.

"तुम्ही काढायला लावल्यात," मी म्हटलं.

तो पोत्यावर बसला. "आत तांदूळ होता, साहेब. अन्नात चपला घालून कसे येतील? सगळ्यांना सांगितलं, भायेर काढा. सकाळी कुलूप लावलं, माझ्या डोळ्यांसमोर होत्या. त्यात काय वावगं आहे, असं वाटलंच नाय. आपल्याकडे दारात चपला असतातच ना." मग तो रडला. फितूर म्हणून मेलो तरी चालेल, पण हे बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

"खलास?" ओमानी अधिकाऱ्यानं हळूच विचारलं. मी मान डोलावली. बाहेर पडल्यावर त्यानं मला काहीच विचारलं नाही, त्याबद्दल मी त्याचा आजही आभारी आहे.

परत गेल्यावर मी हे सगळं त्या विधवेला दुभाष्यामार्फत सांगितलं. ती चिडेल याची मी तयारी ठेवली होती. तिनं फक्त विचारलं, "त्याच्या देशात चपला कुठे काढतात?"

"घरात शिरताना," मी म्हणालो.

"मग त्यानं आम्हाला घरात घेतलं होतं," ती म्हणाली, आणि जबाब मागे घेतला.

संशय घेतला याचं मला वाईट वाटत नाही. त्याचाच मला पगार मिळत होता. पण मान खाली घालणारा प्रत्येक माणूस गुन्हाच लपवत असतो असं नाही, तो आपलं दुःखही लपवत असतो, हे मला त्या गोदामात कळलं. पुढच्या नोकरीत मी मान खाली घालणाऱ्याला थोडा जास्त वेळ देत गेलो.

मी मत्रहला फोन करून तिचे शब्द त्याला सांगितले. पलीकडे कोणीतरी 'यल्ला, यल्ला' म्हणत ट्रकवाल्याला घाई लावत होतं. मग त्यानं विचारलं,

"त्या बाई त्या दिवशी अनवाणीच पळाल्या असतील ना?"

"हो."

"साहेब, त्यांच्या पायाचं माप मिळेल का?"

मी दुभाष्याला पाठवून ते मागवून घेतलं.