अण्णांच्या शर्टातली भेसळ

आमच्या घरात सोनं तांदळाच्या डब्यात असतं आणि आयोडीनची बाटली कुलपात. (चोरांनी उगाच हुरळून जाऊ नये. सोनं म्हणजे आईची एक बोरमाळ आहे, आणि ती तांदळात इतकी खोल जाते की सणासुदीला आईलाच सापडत नाही.) कुलपाची किल्ली आईच्या कमरेला असते. मला बाटली हवी असेल तर आधी दोन्ही हात पुढं करून, उलटेसुलटे फिरवून दाखवावे लागतात. अकरावी सायन्सला असलेल्या मुलीची घरात ही किंमत का आहे, ते सांगते.

आमची खव्याची भट्टी आहे. भूम तालुक्यात खव्याची भट्टी असणं ही काही मोठी बातमी नाही. माझे वडील, म्हणजे दादा, आणि त्यांचे थोरले भाऊ अण्णा, दोघं मिळून ती चालवतात. मिळून म्हणजे असं, की दादा दूध आटवतात आणि अण्णा खव्याबद्दल बोलतात. बोलण्याचं काम जास्त अवघड आहे असं अण्णांचं मत आहे.

मी या घरात प्रश्न विचारण्याचं काम करते. लहानपणापासून. मी आईला विचारलं होतं, "आई, दूध उतू का जातं?"

"तू ध्यान देत न्हाईस म्हणून."

मग दादांना विचारलं, "दादा, एवढी वेडी बाभूळ जाळतो आपण, तो धूर जातो कुठं?"

"शेजाऱ्याच्या घरात. त्यो परवाच भांडून गेला."

"आणि दुधातल्या पाण्याची वाफ? ती वर जाते, तिचे ढग होतात ना? मग आपल्या भट्टीचा पाऊस पडत असेल!"

दादांनी कढईतलं उलथणं थांबवून आभाळाकडं बघितलं. "पडतो की. पण बार्शीत."

अशा वातावरणात विज्ञान वाढणं कठीणच! तरी ते वाढलं, कारण यंदा आमच्या मॅडमनी वर्गात भेसळ ओळखायचा प्रयोग करून दाखवला. पिठाचा, म्हणजे स्टार्चचा, अंश असलेल्या कुठल्याही पदार्थावर आयोडीनचा थेंब टाकला की निळंजांभळं होतं, आणि पीठ नसेल तर थेंब आपला तपकिरीच राहतो. झालं! मी मेडिकलमधून जखमेवर लावायच्या आयोडीनची बाटली आणली आणि घरात जे दिसेल त्याच्यावर थेंब टाकत सुटले. बटाटा निळा. भात निळा. पोळी निळी. आई म्हणाली, "आता माणसानं खावं काय, का नुसतं बघावं?" अण्णा मात्र भलतेच खूष झाले. पारावर जाऊन सांगून आले की आमच्या पोरीनं घरात लॅबोरेटरी काढली.

आता खरी गोष्ट. आमचा खवा नेणाऱ्या जुन्या व्यापाऱ्यानं धंदाच बंद केला होता. खवा पडून राहायला लागला. आम्ही खव्याची पोळी खाल्ली, खव्याचे गुलाबजाम खाल्ले, शेजाऱ्यांना वाटला, धुरावरून भांडलेल्या शेजाऱ्यालाही वाटला. शेवटी एका रात्री दादा जेवता जेवता म्हणाले, "ह्या महिन्यात कुणी घिराईक न्हाई भेटलं तर भट्टी विझवावी लागंल." दादा असं बोलणारा माणूस नाही. अण्णासुद्धा गप्प झाले, यावरून काय ते समजा.

आणि मग सोलापूरचे शेठ येणार असल्याचा निरोप आला. त्यांचं मिठाईचं मोठं दुकान होतं. माल बघणार, पटला तर रोजचा खवा आमच्याकडून उचलणार! घरात लग्नघाई सुरू झाली. नेमक्या काकू माहेरी गेलेल्या. त्यामुळे आई दादांबरोबर भट्टीवर, भाकरी माझ्या गळ्यात, आणि अण्णांच्या पांढऱ्या शर्टाची खळ खुद्द अण्णांच्या गळ्यात.

अण्णांना शर्ट कडक लागतो. काकू वाटीभर साबुदाणा शिजवून बेताची खळ घालतात. अण्णांनी पातेलंभर शिजवला. वाळल्यावर तो शर्ट खुंटीला अडकवायची गरजच उरली नाही, भिंतीला टेकवून उभा केला तरी चालला असता. तो घालून अण्णा खुर्चीत बसले तेव्हा असा करकर आवाज झाला की मला खुर्चीच मोडली असं वाटलं.

"अण्णा, वाकता येतंय का?"

"वाकायचं कशाला? आपण शुद्ध माल विकतो. ताठ बसायचं!"

शेठ आले. गोल चेहऱ्याचे, कपाळाला भस्माचे पट्टे, बोलायला मऊ. येताना आपल्या दुकानातल्या पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले होते. दादांनी ताज्या खव्याची परात समोर ठेवली. शेठनी चिमूटभर खवा तळहातावर चोळून बघितला, वास घेतला, खाल्ला. मान हलवली.

"माल चांगला दिसतोय. पण काय सांगू अण्णा, आजकाल डोळ्याला चांगलं दिसतं आणि आत काय असतं ते शिवालाच ठाऊक!"

इथं दादांनी एखादं वाक्य बोलून विषय संपवला असता. पण बोलण्याचं खातं अण्णांकडं!

"शिवाला कशाला तरास देताव, शेठ? आमची पोरगी सायन्सला हाय! आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत परीक्षा हुईल. ये गं, शास्त्रज्ञ!"

मी चुलीसमोर होते. शेवटची भाकरी तव्यावरून काढली, हात ओढणीला पुसले आणि बाटली घेऊन बाहेर धावले. आयुष्यात पहिल्यांदा घरानं मला प्रयोगासाठी स्वतः हाक मारली होती! मी खव्याचा गोळा बोटांनी मोडला, चांगला चुरून बशीत ठेवला आणि मॅडमच्या आवाजात म्हणाले, "आता आपण निरीक्षण करू. खवा शुद्ध असेल तर रंग बदलणार नाही."

थेंब टाकला.

निळं! नुसतं निळं नाही, गडद, जांभळट, लांबून दिसेल असं निळं!

दादा त्या बशीकडं बघत राहिले. त्यांचा चेहरा पार उतरला. मला रडू येत होतं, पण शास्त्रज्ञानं रडावं की नाही ते ठरत नव्हतं.

"शेठ, आईची आण," दादा हळूच म्हणाले, "म्या कधी चिमूटभर पीठ घातलं न्हाई."

"औषधातच खोट हाय!" अण्णा गरजले. "आण हिकडं ती बाटली! किती तारखेची हाय बघू!"

अण्णांनी बाटली हिसकावली आणि तारीख वाचायला ती डोळ्यांजवळ नेली. मान खाली घालायला शर्टाची कॉलर परवानगी देत नव्हती, म्हणून त्यांनी बाटलीच तिरकी केली. (झाकण माझ्या हातात होतं.) अर्धी बाटली छातीवर! आणि बघता बघता अण्णांचा पांढराशुभ्र शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत निळाजांभळा होत गेला. खळच इतकी होती की रंग थांबायचं नावच घेईना.

शेठनी एकदा बशीकडं बघितलं, एकदा अण्णांकडं.

"अय्यो शिवा! अण्णा, तुमच्यातही भेसळ आहे की!"

आणि ते उठलेच. चपला शोधायला लागले. दादांनी त्यांना थांबवलंही नाही, नुसते उभे राहिले. मला एवढंच कळलं, की शेठ दाराबाहेर गेले की भट्टी विझली. काहीतरी करायला हवं होतं, आणि मला एकच गोष्ट आठवली. मॅडमनी सांगितलं होतं, लिंबाच्या रसानं हा निळा रंग जातो. मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आई! लिंबू आण! अण्णांसाठी लिंबू!"

आता, आमच्याकडं माणूस अचानक निळा पडला आणि कुणी लिंबू मागितलं, तर त्याचा अर्थ एकच होतो. आई लिंबाबरोबर मिरच्या आणि मीठमोहऱ्याही घेऊन धावत आली! एरवी ती अण्णांसमोर पदर सावरून चार हात लांब उभी राहते. आज सरळ त्यांच्यापुढं जाऊन तिनं दृष्ट काढायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, पाव्हण्यारावळ्याची..."

"अगं, पाव्हणं हितंच हायत!" दादा कळवळले.

"आई, ओवाळायचं नाही! पिळायचंय!"

"काय पिळायचंय?"

"अण्णांवर!"

अण्णा म्हणाले, "ए, मी काय पोह्यांची ताटली हाय का?" पण तोवर मी एक लिंबू कापून त्यांच्या छातीवर पिळलं होतं. एकानं भागलं नाही. घरातली सगळी लिंबं कामी आली. आणि रस जिथं जिथं मुरला तिथं तिथं निळा रंग फिका होत होत चक्क नाहीसा झाला!

आईनं हात जोडले. "आई राजा उदो उदो! किती वाईट नजर हुती, बगा!"

शेठ एक चप्पल घालून थांबले होते. दुसरी हातातच राहिली. असला शर्ट त्यांनी सोलापुरातही बघितला नसावा.

तेवढ्यात मला बाटलीच्या झाकणातलं औषध लागलेली माझी बोटं दिसली. लिंबू पिळता पिळता तीही निळ्याची पांढरी होत होती. पण माझी बोटं मुळात निळी झालीच कशी? मी काही खळ घालून फिरत नव्हते!

"आई, माझ्या हाताला पीठ कुठून आलं गं?"

"कुठून म्हंजी? भाकरी थापीत हुतीस न्हवं? हात धुतलेस का?"

मी ओढणीकडं बघितलं. ओढणीवर ज्वारीच्या पिठाचे दहा बोटांचे ठसे होते.

मी जी न्हाणीत पळाले, ती साबणानं कोपरापर्यंत हात धुऊनच आले. स्वच्छ बशी, स्वच्छ चमचा, त्याच परातीतला खवा, बाटलीत उरलेल्या औषधाचा थेंब. तपकिरी! दुसऱ्या कोपऱ्यातला घेतला. तपकिरी! दादांनी बशी उचलून दारातल्या उजेडात नेली, आणि माझ्या टपलीत मारायला उगारलेला हात तसाच माझ्या डोक्यावर ठेवला. मला तर मघाचं रडू आता आलं.

सगळं इथं गोड झालं असतं. पण आईचा राग बाकी होता. आमच्या खव्याला नावं ठेवतात म्हणजे काय! ती दारामागून म्हणाली, "त्यांच्या पेढ्याला बी लाव की औषध."

"अगं, पाव्हणं हायत!" दादा पुन्हा कळवळले.

पण विज्ञानाला पाहुणा कळत नाही, आणि मलाही कळत नाही. दादांचं वाक्य संपेपर्यंत मी पेढ्यावर थेंब टाकला होता.

निळा!

शेठनी चप्पल खाली ठेवली. बॉक्सच्या तळातला एक पेढा त्यांनी स्वतः काढला. "यावर टाक." निळा. मग स्वतःचा तळहात पुढं केला. "यावर टाक." तपकिरी. माणूस शुद्ध होता!

शेठ खुर्चीत बसले. "आम्ही पेढ्यात खवा आणि साखरेशिवाय काही घालत नाही. म्हणजे मला खवा देणाराच पीठ घालून देतोय. आणि मी लोकांना शुद्ध म्हणून विकतोय!" मग दादांकडं वळले. "उद्यापासून माल तुमचा. पण एक अट आहे. परात निघायच्या आधी रोज या पोरीनं औषध टाकून बघायचं." जरा थांबून म्हणाले, "आणि हात धुऊन!"

त्या दिवसापासून भट्टी चालू आहे आणि माझी झडतीही. रोज पहाटे मी बाटली मागितली की आई विचारते, "हात धुतलेस का?" दादा विचारतात, "धुतलेस का?" धुरावरून भांडणारा शेजारीसुद्धा कुंपणावरून विचारतो. अण्णांनी तर खळच सोडली. चुरगळलेल्या शर्टात पारावर बसतात. कुणी विचारलं, "अण्णा, आज असे ढिले?" तर म्हणतात, "भेसळ बंद केली!"

परवा कॉलेजात प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. माझ्या नशिबात नेमका तोच प्रयोग! चार बशांत चार पदार्थ. त्यातला पीठ असलेला ओळखायचा. मला हसूच आलं. रोज पहाटे करते ते काम! दुपारचा डबा घाईघाईनं खाऊन, हात रुमालाला पुसून मी ऐटीत आत गेले, चारही पदार्थ बोटांनी नीट कुस्करले आणि थेंब टाकले.

साखर निळी. मीठ निळं. अंड्याचं पांढरं निळं. बटाटा तर काय, निळाच.

परीक्षकांनी बशा बघितल्या, मग माझे हात बघितले आणि शांतपणे विचारलं, "डब्यात भाकरी होती का?"

माझी काही चूक नाही. आत जाताना मला कुणी विचारलंच नाही!