गाऱ्हाण्यातली एक ‘नाय’

ज्या ब्रिटिश लेखकाचे निबंध मी सध्या मराठीत आणते आहे, त्याच्याशी माझं अलीकडे पटत नाही. तालुक्याच्या कॉलेजात जन्मभर इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं त्याच्या कादंबऱ्यांत गेली. निवृत्त झाल्यावर ठरवलं, आता निबंध. नवरा गेला, मुलगी परदेशात, घरात मी एकटी. दुपारी जेवण आटोपलं की पडवीत बसायचं आणि सत्ता माणसांचं काय करते, ते त्या बाबाकडून ऐकायचं.

कादंबऱ्यांत त्याची सत्ता दार फोडून येते. पोलीस, कोठड्या, चौकशा. मुलांना ते फार आवडायचं. निबंधांत मात्र ती ओळखीच्या माणसासारखी चपला काढून आत येते, पाटावर बसते, चहा मागते. माणसं जुलमाला होकार देतात ती दर वेळी भीतीनं नव्हे, पुष्कळदा सवयीनं, असं तो पुन्हा पुन्हा सांगतो. सगळे एका सुरात बोलायला लागले की काय बोलतोय ते कुणी बघत नाही. हे वाचताना मी मान डोलवायची. डोलवायला काय जातंय!

आमच्याकडे एका सुरात बोलायची जागा म्हणजे गाऱ्हाणं. देवळात सगळा गाव जमतो, मानाचा माणूस देवापुढे उभा राहून गावाच्या वतीनं मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळे म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ पाऊस दे, व्हय म्हाराजा. पोरांना नोकऱ्या लागू देत, व्हय म्हाराजा. लग्न होऊन या गावात आले तेव्हा पहिल्यांदा ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता. अजूनही येतो.

आमच्या वाडीत सगळ्यांत मोठा ‘व्हय’ माझ्या शेजारणीचा. मी तिला वैनी म्हणते. शिक्षण चौथी, आवाज असा की कावळे उडतात. ‘वैनी, देव बहिरो नाय हा,’ असं मी तिला चिडवायची. ती म्हणायची, ‘माका ठावक आसा. पण तुझ्या वाटचा पण माकाच म्हणूचा लागता, तू आपली तोंडातल्या तोंडात!’ आमच्या दोन घरांमधल्या गडग्याचे, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणाचे, वरचे दगड तिच्या येण्याजाण्यानं गुळगुळीत झालेत. ती माझ्याकडे यायची ती गडग्यावरूनच, रस्त्यानं कधीच नाही.

गावामागे सडा आहे. कातळाचं उघडं पठार, सगळ्या गावाच्या गुरांचं. तिथे मोठं हॉटेल येऊ घातलं, त्याला काही जणांची हरकत होती, माझीही होती. ग्रामसभेत मी तसं बोलले. खूप आरडाओरडा झाला, त्यानंतर चहा झाला, कुणाला काही वाटलं नाही. सभेत ओरडायचंच असतं. मग देवळाची जत्रा आली. पाऊसपाण्याचं, पोराबाळांचं मागून झालं आणि मानकरी त्याच सुरात पुढे म्हणाले, ‘सड्यार जा चांगला काम येता हा, तेका जो कोण आड येयत, तेका तुझ्या पायाशी आण रे म्हाराजा!’

माझ्या तोंडून निघालं, ‘नाय म्हाराजा.’

मोठ्यानं निघालं. जन्मभर तोंडातल्या तोंडात बोललेली मी, त्या एका शब्दाला मात्र माझा आवाज सभामंडपाच्या टोकापर्यंत गेला. आणि मला कळलं की मी भलत्याच जागी बोलले. सभेतला नकार माणसांना असतो. गाऱ्हाण्यात नकाराची सोयच नाही. तिथे नाही म्हटलं की ते देवाला तोडून बोलणं होतं, आणि त्याचं जे काही वाईट होईल ते सगळ्या गावावर येतं. लोक माझ्यावर चिडले नाहीत, घाबरले. चिडले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी वैनी गडग्यापलीकडे उभी राहिली, अलीकडे आली नाही. ‘तुका गप ऱ्हवाक काय झाला होता गो बाय? सभेत काय बोलूचा ता बोल. गाऱ्हाण्यात कित्याक?’

मी म्हटलं, ‘मागणं माझ्याविरुद्धच होतं, वैनी. त्याला मीच व्हय म्हणू?’

तिनं गडग्यावरचा एक सुटा दगड नीट बसवला. मग म्हणाली, ‘माझो झील थय जेसीबी चालवतलो. तेचा काम ठरला हा.’ झील म्हणजे तिचा मुलगा, तिला एकच. इतकं बोलून ती आत गेली, आणि तिचं गडग्यावरून येणं बंद झालं.

वाळीत टाकलं म्हणाल तर तसं कुणी टाकलं नाही. दुकानात सामान मिळतं, रस्त्यात माणसं ‘बरा मां?’ विचारतात. फक्त नारळ पाडणारा ‘उद्या येतंय’ म्हणतो आणि येत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणं यायचं राहून जातं. मी त्या लेखकावर वैतागले. म्हटलं, बाबा रे, नाही म्हणणारा कोठडीत जातो हे तू झकास लिहिलंस. पण तो आपल्याच घरात राहतो, दार सताड उघडं असतं आणि कुणी येतच नाही, त्यावर एक ओळ तरी लिहायचीस! रागानं त्याचं काम महिनाभर बाजूला ठेवलं. मग दुपारी बोलायलाही कुणी उरलं नाही, म्हणून मुकाट्यानं परत घेतलं.

चतुर्थी जवळ आली तसं माझं सगळं लक्ष एकाच गोष्टीकडे लागलं. आमच्याकडे गणपतीत वाडी रोज संध्याकाळी घराघरांत जाऊन आरती करते. ज्या घरी आरतीला माणूस नाही, त्या घराचं काय राहिलं? वाडी माझ्याकडे येईल का, हा माझा प्रश्न. खरं सांगायचं तर वाडी नव्हे, वैनी. ती एकटी आली असती तरी मला पुरलं असतं.

लहानशी मूर्ती रिक्षातून आणली, वर रानफळांनी सजवलेली माटवी बांधली, काळ्या वाटाण्यांची मोठं टोप भरून उसळ केली. अंधार पडला तशा झांजा वाजत वैनीच्या घरी आल्या. तिथली आरती मी माझ्या गणपतीपुढे उभी राहून ऐकली. मग झांजा रस्त्याला लागल्या, माझ्या बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, जरा थबकल्या आणि पलीकडच्या घरी गेल्या. रडू आलं हो मला, खोटं कशाला सांगू? रोज तेच. उसळ मी एकटी खात राहिले आणि शेवटी आंबली ती माडाच्या मुळाशी ओतली.

पाचव्या दिवशी विसर्जन. दर वर्षी माझा गणपती वैनीचा झील उचलायचा. यंदा मीच पाट छातीशी धरला आणि शेवाळ्यावरून पाय रोवत सगळ्यांच्या मागून व्हाळावर, वाडीच्या ओढ्यावर, गेले. तिथे वाडीचे गणपती एका ओळीत ठेवतात, घरांच्या क्रमानं. त्यामुळे माझ्या शेजारी वैनीलाच उभं राहावं लागलं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

मानकऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. ‘केली सेवा गोड मानून घे रे म्हाराजा!’ वैनीचा ‘व्हय म्हाराजा’ माझ्या कानाशीच फुटला. ‘पोराटोरांका सुखी ठेव रे म्हाराजा!’ व्हय म्हाराजा. मी पण म्हटलं, तोंडातल्या तोंडात. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, ‘आणि गावात ऱ्हवान जो कोण गावाच्या वायटार आसा, तेका ताळ्यार आण रे म्हाराजा!’

मी पाण्याकडे बघत राहिले. ‘व्हय म्हाराजा!’ आलं, सगळ्या बाजूंनी आलं. फक्त माझ्या उजव्या कानाशी काही आलं नाही.

मी मान वळवली. वैनी तिच्या गणपतीकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले. मागून तिचा झील हलक्या आवाजात म्हणाला, ‘आये, म्हण.’ मानकऱ्यांच्याही ते ध्यानात आलं. तो आवाज वाडीतून गळला तर कुणाच्या ध्यानात येणार नाही? त्यांनी तिच्याकडे बघत तेच मागणं पुन्हा मागितलं. वाडीनं पुन्हा, आधीपेक्षा मोठ्यानं, होकार दिला.

वैनी गप्पच होती. मग मोरया झालं आणि आम्ही दोघी आपापला गणपती घेऊन पाण्यात उतरलो.