जनकाबाईच्या गाडीचे आटे

साखरखेर्ड्यात सोयरिकी जुळवणारे पाच-सहा जण आहेत. त्यांत मोटरसायकलवर फिरणारी जनकाबाई एकटीच. वय अठ्ठावन्न, अंगानं भक्कम. पातळाखाली नवऱ्याची जुनी पँट, वर त्याचाच फुलबाह्यांचा शर्ट आणि डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. पाव्हणे पहिल्यांदा बघतात तेव्हा त्यांना वाटतं, मीटरचं रीडिंग घ्यायला कुणी आलंय.

गाडी खरं तर नवऱ्यासाठी घेतली होती. निवृत्तीनं तिसऱ्याच दिवशी ती सासुरवाडीच्या माणसांदेखत पुलावरून ओढ्यात घातली. त्याला काही झालं नाही, फक्त ओढ्यातली एक म्हैस बिथरली आणि महिनाभर दूध देईना. तेव्हापासून निवृत्ती सगळीकडे पायी जातो. घरात गाडी गंजत पडायला लागली तेव्हा जनकाबाईनं गावाबाहेरच्या खळ्यावर आठ दिवस चकरा मारल्या, दोनदा पडली, पण एकदाही कुणाच्या देखत नाही. नवव्या दिवशी ती थेट मेहकरला जाऊन आली.

तिच्या धंद्यात खोटं बोलावं लागतं असं ती मानत नव्हती. ती त्याला सांभाळून बोलणं म्हणायची. मुलाचे केस गेलेले असले तर "कपाळ मोठं हाये". मुलगी तापट असली तर "घर चालवायची धमक हाये". सासूचं तोंड खराब असलं तर "घरात समदं मोकळंढाकळं बोलतेत". आणि एकच मुलगा एका दिवसात चार घरी दाखवायचा असला, तर प्रत्येक घरी, "तुमच्याच दाराशी पयले आली, भाऊ."

तिचं हे सांभाळून बोलणं बारा वर्षं चाललं. तेराव्या वर्षी दिवाळीनंतर गाडी ऑईल गाळायला लागली.

तुळशीची लग्नं लागली होती, हंगाम सुरू झाला होता. जनकाबाई सकाळी आठला निघायची ती दिवेलागणीला यायची, आणि जिथं जिथं गाडी उभी करायची तिथं तिथं काळा डाग मागे राहायचा. तिच्या हे ध्यानातही आलं नाही. ध्यानात आलं ते समोरच्या आशाबाईच्या. आशाबाई सकाळी गावभर दूध घालते, आणि दूध घालता घालता गावाची खबर ठेवते. चार दिवसांत तिनं डागांचं शास्त्रच बसवलं. ठिपका पेढ्याएवढा असला तर जनकाबाई नुसतं पाणी पिऊन निघाली. बशीएवढा असला तर चहा झाला. ताटाएवढा असला तर पत्रिका बाहेर निघाली, आता साखरपुड्याचं जेवण नक्की.

ज्या गोष्टी पक्क्या होईपर्यंत सख्ख्या चुलत्याला सांगत नाहीत, त्या नळावर कळायला लागल्या. कुणाच्या दारात डाग आहे म्हणून लोक तोंडं वाकडी करायचे, कुणाच्या दारात नाही म्हणून त्या घरची बाई रुसायची. एका माणसानं तर आपल्या दारात डिझेल सांडून ठेवलं. आशाबाईनं वास घेऊन ते खोटं ठरवलं.

मग वामनरावांचं प्रकरण झालं. वामनराव म्हणजे गावातलं मोठं खातं, वीस एकर ओलिताची जमीन, शब्दाला वजन. त्यांची मुलगी सुचिता चिखलीला रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. तिच्यासाठी जनकाबाईनं चिखलीचाच हर्षल नावाचा सरकारी नोकरीतला मुलगा आणला होता, आणि नेहमीप्रमाणं "तुमच्याच दाराशी पयले आली" म्हणून सांगितलं होतं. बुधवारी सकाळी वामनराव काठी टेकत तिच्या घरी आले.

"जनकाबाई, जरा चाला बरं माह्यासंग."

ते तिला स्वतःच्या दारात घेऊन गेले. काठीनं डाग दाखवला.

"हे काय हाये?"

"ऑईल दिसून राह्यलं."

"कोणाचं?"

"गावात गाड्या लय हायेत, भाऊ."

"गळणारी एकच हाये," वामनराव म्हणाले, आणि चालू लागले. रस्त्यात बारीक ठिपक्यांची ओळ होती. ती ओळ धरून ते करिष्मा नावाच्या दुसऱ्या एका लग्नाच्या मुलीच्या बापाच्या दारात थांबले. तिथं डाग. पुढं आणखी दोन घरं, दोन डाग. करिष्माच्या दारातला डाग सगळ्यात मोठा होता, वामनरावांच्या दारातल्यापेक्षा चांगला दुप्पट. त्यांना खरा राग त्याचाच आला होता.

"सोमवारी चार दारं," ते म्हणाले. "अन् माह्या दारी तिसरा नंबर. पयल्या दोन घरचे डाग वाळले होते."

वामनरावांनी सोयरीक मोडली नाही, नुसतं "पाहू" म्हणाले. गावात "पाहू" म्हणजे मोडल्यापेक्षा वाईट. शिवाय त्यांच्या भावकीत त्या वर्षी लग्नाच्या सात मुली होत्या.

घरी येऊन ती ओसरीवर बसली आणि विचार केला. खोटं बोलणं बंद करावं की गळणं बंद करावं, असा प्रश्न होता. गळणं बंद करणं सोपं वाटलं.

इंजिनाच्या पोटाखाली एक बोल्ट असतो. तो काढला की जुनं ऑईल खाली येतं, मग तो लावून वरून नवं भरायचं. हे काम जनकाबाई घरीच करायची, कारण पूर्वी एका मेकॅनिकनं बदललं म्हणून सांगून जुनंच ऑईल ठेवलं होतं. ज्या माणसाला खोटं नीट बोलता येत नाही त्याच्यावर तिचा विश्वास बसत नसे. तिनं वाकून पाहिलं. थेंब त्या बोल्टाशीच जमून टपकत होता.

पहिल्या दिवशी तिनं धुण्याचा साबण लावला. रस्त्यानं फेस आला, पण गळणं थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी नळाला गुंडाळतात ती पांढरी पट्टी गुंडाळली. तिसऱ्या दिवशी तिनं पाना लावला, पान्याच्या दांडीवर हातपंपाचा दोन फुटी पाईप चढवला, म्हणजे जोर जास्त लागतो, आणि बोल्ट आवळला. दरवेळी ती असाच आवळायची. पण या वेळी बोल्ट घट्ट होता होता एकदम हलका झाला आणि नुसताच गरगर फिरायला लागला. खाली ऑईलची धार लागली. तिनं हाताशी सापडलं ते भांडं खाली धरलं. ते निवृत्तीच्या चहाचं होतं.

चौथ्या दिवशी सोयाबीन घेऊन चिखलीला निघालेल्या पिकअपमध्ये पोत्यांच्या मधे गाडी आडवी टाकली. जनकाबाई ड्रायव्हरशेजारी, निवृत्ती मागे गाडीला धरून. ओढ्यानंतर तो त्या गाडीला पहिल्यांदाच हात लावत होता.

चिखलीत बसस्टँडमागे धम्मरत्नचं दुकान आहे. पस्तिशीचा माणूस, चष्मा, कानात पेन्सिल. लोक म्हणतात, तुटलेलं जोडायला कुठंही जा, पण आटे, म्हणजे बोल्ट धरणारे पेचाचे वळसे, गेले तर धम्मरत्नकडं. त्यानं बोल्ट हातात घेतला आणि उजेडाकडं धरला. बोल्टाच्या आट्यांत चांदीच्या तारेसारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं.

"मावशी, हे काय हाये माहीत हाये?"

"कचरा असंन."

"तुमच्या इंजिनाचे आटे होत हे. बोल्ट लोखंडाचा असते, इंजिनाचं पोट अल्युमिनमचं. बोल्ट लय आवळला का त्याले काही होत नाई, पोटातले आटे झिजतेत. तिथून ऑईल पाझरते. मंग माणूस अजून आवळते, अजून झिजतेत. शेवटी असे मुळातून निघून येतेत." त्यानं बोल्ट खाली ठेवला. "कोण आवळत होतं?"

"गावातला मेकॅनिक," जनकाबाई म्हणाली.

"काय नाव त्याचं?"

"गोविंदा."

"मेकॅनिक इतका जोर लावत नाई, मावशी. त्याले दिवसभरात वीस गाड्या करा लागतेत. हा घरच्या माणसाचा हात हाये."

निवृत्ती कोपऱ्यात टायरवर बसला होता. "हिनंच आवळला," तो म्हणाला. "पाईप लावून. घरातला नळ बी असाच आवळते. आमी पाणी प्यायले शेजारी जातो."

जनकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग धम्मरत्नकडं. तो हसलाही नाही आणि तिला बोललाही नाही. "बरं," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला. तिला ते फार चमत्कारिक वाटलं. खोटं पकडलं गेलं की भांडण होतं एवढंच तिला माहीत होतं. हा तर पकडून पुढं निघाला.

त्यानं गाडी जुन्या गादीवर आडवी केली. भोक ड्रिलनं थोडं मोठं केलं. मग आटे पाडायचा टॅप ग्रीसमध्ये बुडवून हळूहळू आत फिरवला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. दर थोड्या वेळानं बाहेर काढून पुसायचा. ग्रीसला चमचमता चुरा चिकटून येत होता.

"ग्रीस कायले?" तिनं विचारलं.

"चुरा आत पडला तं इंजिन खाईन तो."

नव्या पाडलेल्या आट्यांत त्यानं स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवली, स्प्रिंगसारखी. आता बोल्ट अल्युमिनमला नाही, त्या गुंडाळीला धरणार होता. थोडं ऑईल आत ओतून खाली वाहू दिलं, राहिलेला चुरा त्याच्याबरोबर आला. नवा वायसर घातला, नवा बोल्ट हातानं फिरवत आणला आणि पाना तिच्या हातात दिला.

"आवळा."

तिनं दांडीच्या टोकाला मूठ घातली.

"तशी नाई. पाना मधात धरा. दोन बोटं अन् अंगठा."

तिनं आवळला. वायसर दबल्याचं बोटांना कळलं.

"बस," तो म्हणाला.

"हे तं ढिल्लं हाये."

"हेच बरोबर हाये."

"निघून पडंन रस्त्यात."

"पडला तं मले शिव्या द्याले या. चहा पाजतो."

त्यानं ऑईल भरलं, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि गाडी चालू केली. दहा मिनिटं तिघंही वर्तमानपत्राकडं बघत बसले. निवृत्तीनं त्यातली लग्नाची जाहिरात वाचून काढली. कागद कोरडा राहिला.

येताना जनकाबाई गाडी चालवत आली. निवृत्ती मागे बसायला तयार नव्हता, तो एसटीनं आला. वाटेत तिनं दोनदा थांबून बोल्ट बोटानं चाचपला. तो होता तिथं होता.

दुसऱ्या दिवशी ती वामनरावांकडं गेली आणि गाडी मुद्दाम त्यांच्या नव्या फरशीवर उभी केली. वामनरावांनी अर्धा तास बोलताना डोळे फरशीवरून काढले नाहीत. शेवटी स्वतः वाकून खाली पाहिलं.

"बुजवलं वाटते."

"हाव. अन् तुमचं म्हननं खरं होतं. चार घरं दाखवलं मी पोराले. मेहकरले अजून एक, ते तुमाले माहीत नाई."

वामनराव मग उठून आत गेले आणि एक फाईल घेऊन आले. आत अकरा मुलांचे बायोडाटे होते. तीन वेगवेगळ्या मध्यस्थांकडून घेतलेले.

"मी बी एकाच पोरासाठी बसून नव्हतो," ते म्हणाले, आणि चहा सांगितला.

चहा सुचितानं आणला. तिनं त्या दिवशी सुट्टी टाकली होती. "काकू, तो हर्षल लॅबमंदी येऊन गेला," ती म्हणाली. "सुई पाहूनच आडवा झाला. मी काई घरी सांगतलं नव्हतं. त्याले करिष्माच बरी, तिले तसा धाकात राहनारा आवडंन."

हर्षलचं आणि करिष्माचं माघ महिन्यात जमलं. वामनराव लग्नाला गेले आणि दोनदा जिलेबी घेतली. आशाबाईला आता गावाची खबर तोंडानं विचारावी लागते, त्यामुळं तिला दूध घालायला तासभर जास्त लागतो.

फाल्गुनात डोणगावचं एक स्थळ निघालं. सुचिता म्हणाली, फोटोबिटो नको, मीच पाहून येते. वामनराव आधी नाही म्हणाले, मग पाहू म्हणाले, आणि तेवढ्यात ती गाडीवर जनकाबाईच्या मागे बसूनही गेली. मुलगा तिनं दहा मिनिटांत पाहून संपवला. का नाही आवडला, ते तिनं सांगितलं नाही आणि जनकाबाईनंही विचारलं नाही. दोघींनी वाटेत एका ठेल्यावर गरम भजी खाल्ली. घरी वामनरावांना काहीतरी कारण सांगावं लागणार होतं, म्हणून भजी खाता खाता पत्रिका जुळली नाही असं ठरलं.