बघ आता गंमत

थेटरातून आम्ही दोघं बाहेर पडत होतो, तर दारावरच्या माणसानं अडवलं. म्हणाला, "काय भाऊ, पिक्चर आवडलं नाही?" मी म्हटलं, "आवडलं की! संपलं, म्हणून चाललो." तो बघतच राहिला. आत मोठं इंग्रजी पिक्चर आत्ता कुठं सुरू होत होतं आणि आम्ही नवराबायको चिंचवडची गाडी धरायला निघालो होतो. आमचं पिक्चर म्हणजे त्याच्या आधी दाखवायचे ते, बोक्याचं आणि उंदराचं, रंगीत चित्रांचं. चहा पिऊन होईल एवढ्यात संपायचं. त्याच्यापायी चिखलीहून स्टेशनापर्यंत सायकल, मागे कॅरिअरवर बायको, आणि तिथून आगगाडीनं पुण्याच्या लष्करात, म्हणजे कॅम्पातल्या थेटरात. वेड लागलंय म्हणायचे लोक. लागलंच होतं.

हे खूळ डोक्यात घातलं आमच्या साहेबांनी. स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली होती आणि आमच्याकडे माळावर कारखाने उभे राहायला लागले होते. मी लागलो तो औषधाच्या कारखान्यात. सुईतून द्यायचं औषध बनायचं तिथं. नोकरीवर घेताना साहेबांनी विचारलं, "गुरं राखलीत का कधी?" मी छाती काढून सांगितलं, "जन्मभर." तर म्हणाले, "मग उंदरांकडे जा."

साहेब लोक त्या खोलीला ॲनिमल हाऊस म्हणायचे, आम्ही उंदीरखाना. फळ्यांवर पिंजऱ्यांच्या रांगा आणि आत पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे उंदीर. गावानं माझी काय टर उडवली, राव! भावकीतला एक म्हणाला, डोंगर पोखरून उंदीर काढतात हे ऐकलं होतं, कारखाना काढून उंदीर पाळतात हे आज कळलं. पाणवठ्यावर बायकोला उंदीरमामी म्हणायला लागले. ती घरी येऊन माझ्यावर भांडी आपटायची.

काम तसं साधं. औषधाचा नवा घाणा निघाला की त्यातलं थोडं उंदरांच्या शेपटीत टोचायचं आणि लक्ष ठेवायचं. उंदीर जगले तर औषध माणसांना द्यायला मोकळं. टोचायचं काम साहेबांचं, उंदीर निवडायचं माझं. चपळ हवा, तुकतुकीत हवा, ठरावीक वजनाचा हवा. मरतुकडा चालायचा नाही. आणि एकदा सुई लागलेला उंदीर पुन्हा वापरायचा नाही, असा नियम. म्हणजे जगला तरी त्याची रवानगी क्लोरोफॉर्मच्या बरणीत, आणि झाकण लावायचं मी. मला त्याचं फारसं काही वाटायचं नाही, खोटं कशाला बोलू? आमच्या आळीतली एक बाळंतीण तापानं आता जाते की मग जाते अशी झाली होती. त्याच सुईनं ती उठून बसली. तिच्या घरचे पेढे मी बिनघोर खाल्ले.

एक दिवस साहेब म्हणाले, "अरे, तू उंदरांतला माणूस. लष्करात पिक्चरच्या आधी बोक्या-उंदराचं दाखवतात, बघून ये एकदा." बायकोला म्हटलं, चल. तिला वाटलं देवाचं पिक्चर असणार. हळदीकुंकवाला नेसायचं लुगडं नेसून आली बिचारी.

अंधार झाला, बँड वाजला आणि पडद्यावर बोका आला. आमच्या तालमीतल्या पैलवानासारखा, छाती पुढे आणि अक्कल मागे. उंदीर टीचभर. बोक्यानं बिळाच्या तोंडाशी सापळा मांडला, त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि आपण दाराआड लपला. उंदीर बाहेर आला. लोणी चाटूनपुसून खाल्लं, मिशा पुसल्या, आणि जाता जाता बोक्याची शेपटी दोन्ही हातांनी उचलून अलगद सापळ्यात ठेवून गेला. बोक्याला कळायला जरा वेळ लागला. तेवढा वेळ बँडही गप्प, थेटरही गप्प. आणि मग जी बोंब उठली! बायकोनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुढे तोच बोका दाराखाली सापडून पापडासारखा चपटा झाला, भिंतीला टेकून उभा राहिला, अंग झटकलं की पुन्हा टुमटुमीत. माझी मुरकुंडी वळली.

अवाक्षर बोलत नव्हतं कुणी त्यात. उंदीर चोरपावलांनी निघाला की बाजाही चोरपावलांनी निघायचा, बोका घसरला की बाजाही घसरायचा. पुढच्या खुर्च्यांवरचे इंग्रजी शिकलेले आणि मागच्या बाकांवरचे आमच्यासारखे अंगठेबहाद्दर, सगळे एकाच दमात हसायचे. आणि ज्यानं कुणी ती चित्रं काढली, त्यानं मांजर नीट बघितलं होतं हं. उडी घ्यायच्या आधी मांजर दबा धरून ढुंगण कसं हलवतं, ते अगदी तस्सं होतं. मी गुराढोरांतला माणूस, मला लगेच पटलं.

परतीच्या गाडीत बायको मोठ्या समाधानानं म्हणाली, "मार तर बसतोय, पन मरत कुनीच न्हाई. लई ब्येस हाय." तिला बरणीचं ठाऊक नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

सोमवारी पिंजऱ्यात हात घातला आणि निवडायला लागलो. पडद्यावर जो चपळ असतो तो वाचतो. माझ्याकडे जो चपळ तोच आधी जातो. इतके दिवस हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं. मला अपराध्यासारखं व्हायला लागलं, झाकण लावताना मान दुसरीकडे वळायला लागली. आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा लष्करात, पुन्हा पोट धरून हसतोय! आता काय म्हणावं अशा माणसाला?

त्याच दिवसांत एका पिंजऱ्यात तो दिसला. पाण्याच्या नळीला एका हातानं लटकायचा, दुसऱ्यांच्या अंगावरून उड्या मारत झाकणापाशी यायचा. शेंगदाणा पुढे केला की हातावर, हातावरून बाहीवर, बाहीवरून खांद्यावर. हात म्हणजे खाणं, एवढंच त्यांना माहीत. सगळेच यायचे हाताकडे, मीच सवय लावली होती, पकडायला सोपं जातं म्हणून. पण हा सगळ्यांत पुढे. हुबेहूब पडद्यावरचा. निवडायची वेळ आली की मी त्याला बोटानं बाजूला सारायचो आणि दुसरा उचलायचो. त्याच्या वाट्याची सुई दुसऱ्याला जाते आहे, हे कळत होतं. कळून काय, सारत होतो.

एक दिवस साहेबांनी स्वतः तराजू घेतला. त्याला ठेवलं आणि म्हणाले, "हा केव्हाच जड झालाय. आता कामाचा नाही. उद्या काढून टाक." म्हणजे बरणीच. घ्या! मी वाचवतोय वाचवतोय म्हणत शेंगदाणे चारून त्याला नुसता लठ्ठ करून ठेवला होता. कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी सुटली तेव्हा तो माझ्या टोपीखाली होता. फाटकावर राखणदार डबा उघडून बघायचा, खिसे चाचपायचा. पण कुणाच्या डोक्यावरच्या टोपीला हात घालायचा नाही, एवढी रीत तेव्हा प्रत्येकाला कळायची. मी मान ताठ ठेवून उभा, आणि वर टोपीत नखं रुततायत, शेपटी कानामागे वळवळतेय. त्या घटकेला मीच पिक्चरमध्ये होतो, राव! चिखलीच्या रस्त्यावर सायकल मारताना एकटाच हसत होतो. वाटलं, जमलं. एक तरी वाचला.

ऊन अजून अंगणात होतं. बायको सुपात जोंधळे पाखडत बसली होती. मी तिच्यापुढे टोपी काढली. ती आधी किंचाळली आणि मग अशी हसली की सूप कलंडलं. "अवो, डोस्क्यात उंदीर घिऊन आलात व्हय! घरातलं कमी पडलं जनू!" मी बरणीसकट सगळं सांगितलं तिला. ऐकताना तिचं हसू गेलं. तिनं भाकरीचा तुकडा आणून त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई ह्याला." गोठ्याच्या भिंतीच्या बुडाशी एक जुनं बीळ होतं. मी त्याला बिळाच्या तोंडाशी सोडला. म्हटलं, जा, घर मिळालं तुला.

आमची मांजर कौलांवरून कधी उतरली ते कळलं नाही. बायको ओरडली, "अवो, मांजर!" मांजर माझ्यापासून हातभर लांब होती. नुसता पाय आपटला असता तरी पळाली असती. आणि मी काय केलं? बायको उठायला लागली, तर तिचा हात धरून खाली बसवली आणि म्हटलं, "थांब, बघ आता गंमत."

मांजरीनं दबा धरला. ढुंगण हलवलं. अगदी तस्सं. मला हसू फुटत होतं. आता हा सुळकन बिळात जाणार आणि ही भिंतीवर नाक आपटून घेणार.

तो वळला. नाक वर करून वास घेतला. आणि तिच्याकडे चालत गेला. माझ्या हाताकडे यायचा तसा, काही खायला मिळेल म्हणून. मांजरसुद्धा थबकली, तिलाही असला उंदीर कधी भेटला नसावा. मग तिनं त्याला तोंडात धरला आणि गोठ्यामागे निघून गेली. पळापळ नाही, आवाज नाही. माझं तोंड हसायला उघडलेलं तसंच होतं, आणि हातात बायकोचा हात होता.

तिनं तो सोडवून घेतला. सांडलेले जोंधळे गोळा करून सुपात भरले. मग म्हणाली, "पळाला का न्हाई वं त्यो?" मला उत्तर ठाऊक होतं. मी आत जाऊन कपडे बदलले.

पुन्हा लष्करात गेलो का? गेलो. एका रविवारी तिनंच ते लुगडं काढलं. हसलोही. चित्रांचा त्यात काय दोष? त्या बोक्याला आणि त्या उंदराला, दोघांनाही खेळ माहीत असतो. मांजरीला मी एका शब्दानं बोललो नाही. तिला काय बोलणार?

मांजरीनं त्याला नेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी साहेबांनी विचारलं होतं, "तो काढलास का?" मी म्हटलं, "काढला." नव्या घाण्याची सुई तयार होती. मी फळीवरचा पिंजरा खाली घेतला, झाकण सरकवलं आणि हात आत घातला. एकही मागे सरला नाही. सगळेच्या सगळे धावत हाताकडे आले.