बाळंतिणीच्या तांदळाची चर्चा

सभागृहात माणसं देशाचं भलं करतात असं मला वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत खरोखर वाटत होतं. महाडच्या शाळेत मी नागरिकशास्त्र शिकवायचो ना! विधेयक कसं मांडतात, प्रश्न कसा विचारतात, सगळं फळ्यावर चौकटी आखून. पोरं जांभया द्यायची. पोरांना जे कळत होतं ते मास्तराला कळत नव्हतं.

आमचं घर पोलादपूरच्या वर, कापड्याला. भाताची शेती. माझी थोरली बहीण आंबेनळी घाटाच्या पलीकडे जावळीच्या अंगाला दिलेली. तिकडे डोंगरउतारावर नाचणी आणि वरी, तांदूळ सणापुरता. म्हणून आमच्याकडे रीत अशी की घाटावर दिलेली लेक बाळंत झाली की माहेरचा जुना तांदूळ पोचवायचा. बारा दिवसांच्या आत. त्याची पेज आणि मऊ भात बाळंतिणीनं महिनाभर खायचा. तो तांदूळ हमालाकरवी पाठवायचा नाही, माहेरच्याच माणसानं खांद्यावरून न्यायचा. पहिल्या दोन बाळंतपणांना आईनं तो स्वतः चढून नेला होता. तिसऱ्या वेळी तिचे गुडघे गेले आणि पाळी माझ्यावर आली.

आणि नेमकी त्याच साली जिल्हाबंदी आली. आमच्या कुलाबा जिल्ह्याचा तांदूळ साताऱ्यात जायचा नाही. घाटाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा बांबू, एक चौकी, एक हवालदार. बारशाच्या आदल्या दिवशी मी दोन पायल्या तांदळाची पिशवी घेऊन एस.टी.त बसलो आणि चौकीवर मला खाली उतरवलं.

हवालदार भला माणूस. तो हळूच म्हणाला, "मास्तर, गाडीतनं कशाला नेताव? त्या मागच्या पायवाटेनं सगळा गाव जातोय. आमचं तिकडं लक्ष नाय."

खरंच होतं ते. दिवसाढवळ्या बायका डोक्यावर बोचकी घेऊन चौकीच्या मागून वर चढत होत्या आणि हा पाठ फिरवून तंबाखू मळत होता. पण मी पडलो नागरिकशास्त्राचा मास्तर! मी चोरवाटेनं जाऊ? मी ताठ मानेनं पिशवी घेऊन घरी परत आलो आणि आईला म्हणालो, "परवाना काढून उजळ माथ्यानं नेईन."

आई म्हणाली, "अरे तांदूळ न्यायचा हाय का वरात काढायची हाय? ती तिकडं वाट बघत असंल. जा त्या वाटेनं."

"कायदा आहे आई."

"कायद्याला लेक नाय वाटतं," ती म्हणाली आणि आत गेली. मला तेव्हा तिच्या अडाणीपणाची कीव आली. कपाळ माझं!

कचेरीत परवाना मागायला गेलो. तिथल्या कारकुनानं सांगितलं, लग्नाला परवाना आहे, श्राद्धाला आहे, बाळंतपणाचा रकानाच छापलेला नाही. "श्राद्ध लिहू का?" त्यानं मदतीच्या सुरात विचारलं. मी उठून बाहेर आलो. मग आमच्या आमदारांना चार पानी अर्ज लिहिला. त्यांनी चक्क बोलावून घेतलं, चहा पाजला, पाठीवर थाप मारली. असाच प्रश्न त्यांना हवा होता म्हणे. ते म्हणाले, "हा विषय मी सभागृहात गाजवतो. तुम्ही गॅलरीत बसायला या." माझी छाती फुगली. बहिणीला निरोप धाडायचं आईनं दोनदा सांगितलं. मी म्हटलं, निकाल लागला की निकालासकटच कळवू. तारखेची वाट बघण्यात तीन आठवडे गेले.

मुंबईला गेलो. इस्त्रीचा सदरा, खिशात पास. गॅलरीत पुढच्या बाकावर बसलो, हात जोडावेत की काय असं वाटत होतं.

आधी घरपट्टीचा विषय निघाला. गोठ्याला घर म्हणायचं की नाही? सकाळपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत हेच. एकजण म्हणाले, छप्पर आलं की घर आलं. दुसरे म्हणाले, मग छत्रीलाही घरपट्टी लावा. हशा. तिसरे उठले आणि गुरं विणार असली की शेतकरी गोठ्यात निजतो, म्हणजे तो राहता गोठा धरायचा का, असा मुद्दा त्यांनी काढला. त्यावर चौथ्यांनी विचारलं की सन्माननीय सदस्य स्वतः कुठे निजतात. पुन्हा हशा. एवढी शिकलीसवरलेली माणसं, आणि शेणात गुरं लोळावीत तशी एकाच विषयात लोळत होती. एकानंही जन्मात गोठा झाडलेला नसावा. ते धोतरांच्या इस्त्रीवरूनच कळत होतं.

दुपारी जिल्हाबंदीवर आले. अर्धी बाकं रिकामी, उरलेली पेंगत होती. आमचे आमदार उठले. म्हणाले, "माझ्या मतदारसंघातली एक भगिनी घाटापलीकडे बाळंत झाली आहे. माहेरचे दोन पायल्या तांदूळ तिला मिळू शकत नाहीत." माझ्या अंगावर काटा आला. माझी बहीण सभागृहात पोचली होती!

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, "मुलगा की मुलगी?"

हशा. दुसरा म्हणाला, "बाळंतपणाचा दाखला सभागृहापुढे ठेवावा." टेबलं बडवून हशा. पेंगणारेही जागे झाले. आमदारांनाही आवरेना, तेही हसत हसत म्हणाले की दाखला पुढच्या अधिवेशनात आणतो. आणि मी? मोठी माणसं हसतायत म्हणून मीही दात काढले. गॅलरीत बसून, सख्ख्या बहिणीच्या बाळंतपणावर. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

शेवटी मंत्री उठले आणि कागदावरून वाचल्यासारखे म्हणाले की ही बाब तपासून पाहण्यात येईल. मग चहाची सुट्टी झाली. बाहेर आमदारांनी माझा हात हातात घेतला. "बघितलंत? कसा गाजला विषय!" ते म्हणाले आणि कोणाच्या तरी मोटारीत बसून गेले.

घरी आलो तेव्हा आई उंबऱ्यात बसली होती. तिनं पिशवी आणून माझ्या पायाशी ठेवली आणि म्हणाली, "आता तरी जा रे."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. चौकीमागची पायवाट अवघड होती. हवालदार उठून आला, पिशवी त्यानंच माझ्या खांद्यावर चढवून दिली आणि पुन्हा पाठ करून बसला. दुपार टळताना मी बहिणीच्या दारात पोचलो. तिचं तिसरं पोर तेव्हा चाळीस दिवसांचं झालं होतं.

ती पडवीत बसून पोराला कापसाच्या बोळ्यानं शेळीचं दूध पाजत होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं. मला बघून ती उठली नाही. माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे तर तिनं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे टक लावून बघत म्हणाली, "आई कधी गेली?"

मला कळेचना. "कोण गेली?"

"बाराव्याला तांदूळ नाय आला तवाच मी समजले. आई असती तर रांगत आली असती. बाळंतीण म्हणून मला सांगितलं नाय ना तुमी कोणी?"

"अगो, आई आहे! धडधाकट आहे!" मी ओरडलोच. ती हलली नाही. मग तिच्या सासूनं सांगितलं, बाराव्या दिवसापासून ही रोज रडते. नाचणीची पेज पुढे ठेवली तर दोन घोट घ्यायची आणि ताट सारायची. विसाव्या दिवशी अंगावरचं दूध आटलं.

मग मी सांगायला लागलो. बांबू, परवाना, आमदार, मंत्री. आपल्याच तोंडातून ते ऐकताना एकेक शब्द मला थुंकावासा वाटत होता. तिनं सगळं ऐकून घेतलं. आई जिवंत आहे हे मी तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे तिनं पदर तोंडाला लावला आणि भडभडून रडली.

थोड्या वेळानं ती उठली. पिशवी सोडली, तांदूळ वास घेऊन पाहिला, चुलीवर भात टाकला. शिजल्यावर पाहुण्याला वाढतात तसं पाट मांडून माझ्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः नाचणीची भाकरी घेऊन बसली.

"हा तुझ्यासाठी आहे गो," मी म्हणालो.

"माझं दूध गेलं ते गेलंच हाय आता," ती म्हणाली. "तू जेव. लांबून आलायस."

मी जेवलो.