आठशे मीटरची सवय

मला पळता येत नाही. शाळेची घंटा झाली तरी मी चालतच जायचे. तरीही मी कॉलेजच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक झाले, ती पत्रकांमुळे.

त्याच कॉलेजात एम.ए.ला होते. अभ्यास कमी, पत्रकं जास्त. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही, काढ पत्रक. दुपारची बस बंद झाली, काढ पत्रक. कॉलेजनं वर्षभर क्रीडाशिक्षक नेमला नव्हता आणि मुलींचा क्रॉसकंट्रीचा संघ नुसता कागदावर पळत होता. त्यावरचं पत्रक मी मंचरच्या बाजारात कांद्याच्या गाड्यांवरसुद्धा चिकटवलं. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं.

"एवढा कळवळा आहे ना? मग तुम्हीच पळवा मुलींना. आणायला-सोडायला कॉलेजची जीप देतो. पण स्पर्धेत अख्खा संघ शेवटपर्यंत पोचला पाहिजे. नाही पोचला, तर जीप बंद."

जीप बंद म्हणजे पळणं बंद. आमच्याकडे, जुन्नर घ्या की आंबेगाव, उसात बिबट्या राहतो. कधीमधी येतो असं नाही, राहतो. उजाडायच्या आत एकट्या मुलीला रस्त्यावर कोणता बाप पाठवेल? मग मुली पळत नाहीत, आणि स्नेहसंमेलनाच्या स्टेजवरून पाहुणे सांगतात की ग्रामीण मुलींची चिकाटी कमी पडते. चिकाटी! त्यांनी एकदा त्या उसाच्या कडेनं चालून दाखवावं, मग बोलावं.

तर आमचा सराव असा: पुढं मुली, मागं जीप. जीपवाले मामा हॉर्न वाजवत आणि मोठ्यानं गाणी लावत, म्हणजे जनावर लांब राहील. मी त्यांच्या शेजारी बसून खिडकीतून ओरडायचे.

पाच मुली मिळाल्या, आणि स्पर्धेचा नियमही पाचचाच. पाचही जणींनी दहा किलोमीटर पुरे केले तरच संघ धरणार. पण एका पहाटे रस्त्याच्या मोरीवर बिबट्या बसलेला दिसला आणि त्याच आठवड्यात एकीच्या घरच्यांनी तिला घरी बसवलं. मी त्यांच्या ओट्यावर तासभर भाषण दिलं. तिचे वडील म्हणाले, "तुमचं समदं बरोबर हाय, ताई. पण तुमी जीपमधी बसता." पाचव्या जागी मी माझं नाव घातलं आणि जीपमधून खाली उतरले.

राहिलेल्या चौघींपैकी तिघींना पोलीस व्हायचं होतं. दोघी निमगाव सावाच्या चुलत बहिणी, एक मंचरची. पोलीस भरतीत मुलींना आठशे मीटर पळायचं असतं, म्हणून भरतीचे क्लास तेवढंच शिकवतात. शिट्टी झाली की जीव खाऊन सुटायचं. तिघींच्या अंगात तेच भिनलेलं. आणि मी कोण? मोर्चे काढणारी. सुरुवात दणक्यात व्हायला पाहिजे, एवढंच मला कळायचं. "सुटा! मागं कुणी राहू नका!" मी घसा फोडायचे.

चौथी लोणीची, मेंढरं पाळणाऱ्या घरातली. ती रोज मागं राहायची. मी रागावले, तर शांतपणे म्हणाली, "ताई, मेंढरं पहिल्याच टप्प्याला पळवली, तर दुपारच्याला खांद्यावर घ्यायला लागत्यात."

"आपण मेंढरं नाही आहोत!"

"झालं भाषण सुरू," चुलत बहिणींतली धाकटी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

लोणीची हसली नाही, रुसलीही नाही. तशीच सावकाश सुटायची आणि सहाव्या किलोमीटरला आम्हा सगळ्यांना मागं टाकायची. रोज दिसत होतं. तरी मला पटलं नाही, कारण ते मेंढरांच्या भाषेत आलं होतं. कष्टकऱ्यांच्या अनुभवाला मान द्या, असं पत्रकात लिहिणारी मीच.

स्पर्धा जुन्नरच्या बाजूला होती. द्राक्षबागांमधून दोन किलोमीटरचा फेरा, तसे पाच फेरे. बंदुकीचा बार झाला आणि आमच्या तिघी आठशे मीटरसारख्या सुटल्या. त्यांच्यामागं मीही सुटले. पहिल्या फेऱ्यात आम्ही चौघी सगळ्यांत पुढं. प्राचार्य टाळ्या वाजवत होते. मागं वळून मी लोणीच्या मुलीला ओरडले, "अगं, लाज बाळग!"

दुसऱ्या फेऱ्यात मंचरची कुशीत कळ आली म्हणून वाकली. तिसऱ्यात थोरली चुलत बहीण बांधाला ओकली आणि मातीत बसली. माझ्या तोंडात लोखंडाची चव. बाकीच्या कॉलेजच्या मुली एकेक करून पुढं जाऊ लागल्या. एक जरी बाहेर पडली असती तर जीप गेली होती.

आणि लोणीची? ती पहिल्या आठ जणींत पोचली होती आणि तिचा दम अजून शाबूत होता. पहिल्या सहा जणी विद्यापीठाच्या संघात निवडल्या जाणार होत्या. बांधाशी आली, आम्हा चौघींना तिथं अडकलेलं पाहिलं आणि थांबली.

"जा!" मी म्हणाले. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला.

ती आमच्या मागं गेली. पुढं नाही, मागं. मेंढरं हाकणारं माणूस असतं तिथं. "ऊठ. बसलीस तर पाय धरत्याल. चाल, पळू नको, नुसती चाल. ए मंचर, हात खाली सोड. ताई, तुमी बोलू नका, श्वास घ्या." एकीलाही हात लावला नाही, नियमात बसत नव्हतं. नुसती मागून बोलत राहिली. तोंडानं "हुर्र" करायची आणि आमचे पाय आपोआप उचलायचे. धाकटी म्हणाली, "आता शेपूट तेवढं राह्यलंय फुटायचं." हसून मंचरचीला पुन्हा कळ आली.

पाच जणी पोचलो. आमच्यात मी शेवटी, ती माझ्याही मागं. मग शेवटची तीच ठरली.

"संघांत शेवटून दुसरे," प्राचार्य म्हणाले.

"पण पोचलो ना, सर?"

"पोचलात," ते म्हणाले, आणि नाइलाजानं मान हलवली. जीप राहिली.

परत येताना मी जीपमध्ये गप्प बसू शकले नाही. "पहिल्या सहात आली असतीस तू. का थांबलीस?"

"आले असते. आन् जीप गेली असती तर?"

"तुझी निवड झाली असती. मग आपण लढलो असतो जीपसाठी."

"आन् तवर पहाटं मी पळायला कशात बसून आले असते? तुमच्या पत्रकावर?"

मामांनीसुद्धा स्टिअरिंगवर हात आपटून हसून घेतलं. मला हसू आलं नाही. घरी जाऊन कागद ओढला. भरतीच्या क्लासवर लिहू, प्राचार्यांवर लिहू, पाचच्या नियमावर लिहू? तिची जागा गेली, कुणावर तरी राग काढायला पाहिजे होता. प्रत्येक ओळ "सुटा, मागं कुणी राहू नका" ओरडणाऱ्या बाईपाशी येऊन अडकत होती. चार कागद फाडले.

सोमवारी जीप वेळेवर आली. मी लोणीचीला म्हणाले, "आजपासून चाल तू ठरवायची."

"मग तुमी माज्या मागं राहायचं. पुढं यायचं न्हाई."

"कबूल."

पहिल्या दोनशे मीटरमध्ये मी तीनदा तिच्या पुढं गेले.