सतरा दिवसांचं पाणी

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. परभणीच्या स्टेशनामागं एका भाड्याच्या घरात शहर पाणी व आरोग्य संशोधन केंद्र होतं. नाव एवढं लांबलचक, आणि माणसं तीन! औरंगाबादचे डॉक्टर अधूनमधून यायचे, पंडित पाणी तपासायचा आणि बाकी सगळा कारभार सत्यशीलाबाईंच्या अंगावर. विहिरीचं पाणी वाईट निघालं की विहीर बंद करा म्हणून नगरपालिकेला पत्र जायचं. त्यावर सही बाईंची लागे.

पण सहीचा रुबाब ऑफिसात. खोली शोधताना तीन घरांनी बाईंचं आडनाव विचारलं आणि ते ऐकून "आत्ताच दिली बघा" म्हणून सांगितलं. चौथ्या घरी धुरपताबाई भेटल्या. एकट्या विधवा, तोंडाच्या फटकळ. म्हणाल्या, "तुमी जयभीमवाले, मला कळलं. राहा. पण विहिरीच्या दोराला हात लावू नका, गल्ली माझ्या उरावर बसंल. पाणी मी शेंदून देत जाईन."

त्याला चार वर्षं झाली. रोज सकाळी बाईंच्या दाराशी दोन घागरी भरलेल्या. "काय गं, बाटल्यांचा कारखाना कसा चालायलाय?" अशी धुरपतामावशींची थट्टा, तेवढंच काय ते दिवसातलं जिव्हाळ्याचं बोलणं. ऑफिसात कामापुरतं, गल्लीत तेही नाही. रविवार तर बाईंना खायला उठायचा.

उन्हाळा लागला आणि पंडितनं नेमका त्याच गल्लीतल्या विहिरीचा अहवाल टेबलावर ठेवला. पाण्यात संडासाची घाण उतरली होती.

"सही करा, बाई. आजच पत्र धाडतो."

बाईंनी पेन उचललं आणि खाली ठेवलं. गल्ली काय म्हणेल? दोराला हात लावू दिला नाही, म्हणून हिनं सूड उगवला! आणि मावशींनाही तसंच वाटलं तर?

"परत तपासा," त्या म्हणाल्या.

पंडित बघतच राहिला. दुसऱ्या कुठल्या विहिरीला बाईंनी असं केलं नव्हतं. पण दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि बाईंचं तोंड जन्मापासून पोळलेलं. दुसरा अहवालही तसाच आला. "डॉक्टर येऊ द्या, त्यांना दाखवू," बाई म्हणाल्या. डॉक्टर यायला अजून दहा दिवस होते.

बाई स्वतःचं पाणी उकळून प्यायच्या, ती केंद्रातली सवय. मावशींनाही म्हणाल्या, "उकळून पीत जा." का, ते सांगितलं नाही.

"रॉकेल काय तुझा बाप देतो का?" मावशी हसल्या आणि घागर ठेवून गेल्या.

सतराव्या दिवशी डॉक्टर आले. कागद बघून म्हणाले, "अहो, यात मला विचारायचं काय होतं?" बाईंनी सही केली. संध्याकाळी घरी येऊन बघतात तर मावशींच्या खोलीला कुलूप. जुलाब-वांत्यांनी बेजार झालेल्या मावशींना दुपारीच दवाखान्यात नेलं होतं.

विहिरीवर फळ्या ठोकल्या. गल्लीला जे म्हणायचं ते गल्लीनं म्हटलंच, बाईंना ऐकू जाईल अशा बेतानं. ज्याची एवढी भीती बाळगली, ते टळलं थोडंच!

तिसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. मावशींचा हात चिपाडासारखा झाला होता, जीभ मात्र शाबूत.

"आलीस का? गल्लीतल्या बाया आल्त्या, तुझ्या नावानं बोलायल्या. मी म्हणलं, उगं बसा! पोरीला ज्या दिशी कळलं त्याच दिशी तिनं सही केली. ती तसली न्हाई. खरं हाय का न्हाई?"

अख्ख्या परभणीत बाईंच्या बाजूनं बोलणारं हे एकच माणूस. नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पंडितनं कुणाला काही सांगितलं नसतं.

"नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "मला सतरा दिवस आधी कळलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून भ्याले मी."



"सतरा दिवस," मावशी म्हणाल्या. "आन् मी रोज आधी तुझ्या घागरी भरत व्हते."

मग त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. बाई भेटीची वेळ संपेस्तोवर स्टुलावर बसून राहिल्या. मावशींनी कूस बदलली नाही.